मूल संस्थेत जाण्याआधी आईपर्यंत पोचा: ठाण्याचे जिल्हाधिकारी आणि नवी मुंबईचे आयुक्त यांना खुले पत्र

माननीय जिल्हाधिकारी, ठाणे,
आणि माननीय आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोघांना एकत्र लिहिते आहे, कारण ज्या कामाबद्दल लिहायचं आहे ते तुमच्या दोन कार्यालयांच्या मधोमध अडकलेलं आहे. बाल संरक्षणाचं खातं जिल्ह्याकडे. वस्ती, दवाखाना, शाळा आणि प्रभाग कार्यालय महापालिकेकडे. अडचणीत आलेलं घर मात्र एकच असतं. त्या घरात मदत वेळेत पोचत नाही, आणि मग एक दिवस सरकार दारात येतं ते थेट मूल न्यायला. हे टाळता येतं, आणि टाळण्याचे बरेचसे अधिकार तुमच्याच हातात आहेत.

मी अंगणवाडी सेविका होते. तुर्भे स्टोअरपासून दिघ्यापर्यंतच्या डोंगरकडेच्या वस्त्या, एमआयडीसीच्या भिंतीला टेकलेल्या झोपड्या, दगडखाणींजवळची घरं, हाच माझा इलाखा. आता निवृत्त आहे, पण वस्तीतल्या बायकांचं येणं-जाणं थांबलेलं नाही. दाखला कुठे मिळतो, पोराला कुठे ठेवू, पोलिसांचा फोन आलाय, काय सांगू, असले प्रश्न घेऊन त्या अजून येतात.

घर मोडतं ते एका रात्रीत नाही. आम्हाला ते आधीपासून दिसत असतं. मुलाचं वजन लागोपाठ दोन महिने वाढत नाही. थोरली पोरगी शाळेच्या वेळात धाकट्याला कडेवर घेऊन खाऊ न्यायला येते. आहाराची पाकिटं घ्यायला आई येत नाही, शेजारीण येते आणि नजर चुकवते. गृहभेटीला जावं तर दाराला बाहेरून कडी आणि आतून पोरांचा आवाज. यातलं वजन तेवढं ॲपमध्ये भरलं जातं. कडीची नोंद करायला रकाना नाही, आणि तोंडी सांगायचं तर ऐकून घेऊन काही करू शकेल असं माणूस नाही. तक्रार करायची तर मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे. पण त्या घराला तक्रार नको असते, हातभार हवा असतो.

एका आईबद्दल सांगते. नाव सांगत नाही, वस्तीही नाही. नवरा दोन पोरं तिच्या पदरात टाकून निघून गेला होता. ती भाजी मार्केटला जायची. तिथे पहाटेच्या आधीच ट्रक लागतात. गाळ्यावर पालेभाजी निवडायला, जुड्या बांधायला बायका लागतात, आणि उशीर झाला की त्या दिवसाचं काम गेलं. अंगणवाडी उघडते सकाळी. मार्केट तोवर निम्मं आटोपलेलं असतं. मग ती पोरं झोपेत असतानाच निघायची. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत टाकायची, म्हणजे पोरं शेगडीशी खेळणार नाहीत. ताटाखाली चपाती झाकून ठेवायची, पाण्याची बाटली उशाशी. आणि बाहेरून कडी.

एके दिवशी धाकटा तापाने रडत राहिला. कुणीतरी फोन केला. फोन करणाऱ्याचं काही चुकलं नाही. पोलीस आले, मुलांना घेऊन गेले, कायद्याप्रमाणे चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे उभं केलं, समितीने त्यांना बालगृहात पाठवलं. समितीसमोर जे कागद होते त्यावर तोच निर्णय होणार होता. ‘आईने मुलांना कोंडून ठेवले’ हे कागदावर आलं. पिशवीतला रेग्युलेटर कुठल्याच कागदावर आला नाही. पुढे तारखा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला एक रोज बुडला. कायद्यात चौकशी पुरी करून अंतिम आदेश द्यायला चार महिन्यांची मुदत आहे, आणि मोठ्या माणसाला चार महिने जेवढे वाटतात त्याच्या कितीतरी पट ते तीन वर्षांच्या मुलाला असतात. मुलं परत आली. धाकटा रात्री दिवा बंद करू देईना, आणि आई मोरीपर्यंत गेली तरी दाराशी जाऊन उभा राहायचा. मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर पहाटे उघडणारं एक पाळणाघर असतं, तर यातलं काहीच घडलं नसतं.

कुणी म्हणेल, मग काय मुलांना मरू द्यायचं घरात? नाही. जिथे मारहाण आहे, लैंगिक अत्याचार आहे, मुलाला विकायचा किंवा लग्न लावून द्यायचा घाट घातलेला आहे, तिथे क्षणभरही थांबू नये. तिथे मूल उचलणं हीच मदत. पण मी ज्या घरांबद्दल लिहिते आहे तिथे क्रौर्य नाही. तिथे एकच कमावणारं माणूस आहे, सांभाळणारं दुसरं कुणी नाही. या दोन प्रकारच्या घरांना आपली यंत्रणा एकाच दाराने आत घेते, हे माझं मुख्य दुखणं आहे.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमात हा फरक नाही असं नाही. त्यातल्या तिसऱ्या कलमातच तत्त्वं दिली आहेत: मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही योग्य चौकशीनंतर. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली त्यात स्पष्ट म्हटलंय की केवळ गरिबी हे मूल घरापासून वेगळं करण्याचं कारण कधीच होऊ नये. गरिबी दिसली तर त्या कुटुंबाला आधार द्यायची वेळ आली असं समजावं. तरी आपल्या बालगृहांत जाऊन पाहा. तिथली पुष्कळ मुलं अनाथ नाहीत. त्यांची आई किंवा बाप, निदान आजी तरी, कुठल्यातरी वस्तीत आहे आणि भेटीच्या दिवसाची वाट बघते आहे.

योजनांचं बोलायचं तर त्या आहेत, आणि मी त्यांच्याविरुद्ध नाही. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे, २०२३ पासून तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून द्यायचे, महिन्याला ४,००० रुपये आहेत आणि त्याला मंजुरी देणारी समिती, जिल्हाधिकारी महोदय, आपल्याच अध्यक्षतेखाली बसते. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या बाईची मुलं, आईबाप दुर्धर आजाराने किंवा अपघाताने अंथरुणाला खिळलेले असतील तर त्यांची मुलं, सगळी त्यात बसतात. वाचताना वाटतं, आता काय राहिलं?

राहतं ते असं. शहरी भागात वात्सल्यच्या मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ९६,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ८,०००. एखाद्या बाईला रोजचे चारशे मिळाले आणि महिन्यातले पंचवीस दिवस काम लागलं, तर तिचे १०,००० होतात. ती बाद. यात खोलीचं भाडं देऊन दोन मुलं सांभाळणं नवी मुंबईत कसं जमतं, हे तुम्ही दोघांनी कागदावर एकदा मांडून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. मर्यादा दिल्लीत ठरते हे मला माहीत आहे. पण ही मर्यादा इथे लागू पडत नाही हे कळवणारं पत्र ठाण्याहूनच जायला हवं.

मग कागद. उत्पन्नाच्या दाखल्यावर ठाण्याच्या तहसीलदारांची सही लागते. रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. विधवेकडे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा आदेश असतो. पण नवरा निघून गेल्याचा दाखला कोण देतो? ज्या बायकांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या नेमक्या इथे अडतात. काही जणी तर भाड्याच्या खोलीसमोर फोटो काढायलाही बिचकतात, कारण घरमालकाला वाटतं खोलीवर हक्क सांगायची तयारी चालली आहे.

आणि या सगळ्याच्या वरची अडचण म्हणजे भीती. बाल संगोपनचे पैसे मिळायला मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि समितीने ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरवावं लागतं. वस्तीतल्या बायकांना ही समिती एकाच गोष्टीसाठी माहीत आहे: तिथे गेलेलं पोर बालगृहात जातं. मी कितीतरी जणींना समजावलं, बाई, तू स्वतःहून अर्ज करतेस, तुझं मूल कुणी नेणार नाही. त्या मान डोलावतात आणि जात नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. जिच्यापाशी मूल सोडून काहीच नाही, ती ते घेऊन अशा दारात कशी जाईल, जिथून ते परत येईल की नाही याची तिला खात्री नाही? मदत देणारा हात आणि मूल काढून घेणारा हात एकच असेल, तर मदत मागायला कुणी पुढे येणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. नवी मुंबईत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. प्रत्येक ठिकाणी कुटुंबाला आधार देणारी एक खोली आणि एक प्रशिक्षित समाजसेविका हवी. तिच्याकडे मूल ताब्यात घेण्याची शिफारस करायचं काम नसावं. गंभीर अत्याचार दिसला तर कळवणं तिला बंधनकारक राहील, ते कुणालाही सुटत नाही. पण बाकी तिचं काम एकच: दाखले काढून द्यायचे, मुलाला शाळेत परत बसवायचं, दारू पिणाऱ्या बापाला उपचाराला न्यायचं, भांडणात मध्ये पडायचं, भाडं थकलं तर घरमालकाशी बोलायचं, आणि हाताशी एक छोटा तातडीचा निधी ठेवायचा. तो निधी वापरायला समितीचा आदेश लागू नये. महिला व बालकल्याणासाठी महापालिकेने अंदाजपत्रकात पाच टक्के निधी राखून ठेवायचा असतोच. या कामासाठी त्याहून योग्य जागा मला दिसत नाही.

हे काम सेविकांच्या आणि आशांच्या डोक्यावर फुकट टाकू नका, ही त्याला जोडूनच विनंती. आम्ही दिसलं ते सांगू, घर दाखवू. पण पोषणाच्या नोंदी, सर्व्हे, लसीकरण यातून उरलेल्या वेळात एखादं घर सावरून धरता येत नाही. त्याला पूर्ण वेळेचं, पगारी माणूस लागतं.

दुसरी मागणी पाळणाघरांची. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्यात पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे मुलांसाठी खोली असावी असं लिहिलं गेलं. पण नाक्यावर उभी राहून आज या मुकादमाकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे जाणारी बाई कुठल्या पन्नासात मोजायची? म्हणून पाळणाघर मालकाच्या दारात नाही, वस्तीत हवं, आणि त्याची वेळ तिथल्या कामाप्रमाणे हवी. मार्केटच्या वस्तीत पहाटेपासून, एमआयडीसीच्या वस्तीत संध्याकाळच्या पाळीपर्यंत. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. वेळेचं तेवढं वस्तीला विचारून ठरवा.

तिसरी गोष्ट आजारपणाची, आणि ती मला सगळ्यात जिव्हारी लागते. एकटी आई दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली की मुलांचं काय? टीबी निघाला, सिझर झालं, पाय मोडला. मी अशा बाया पाहिल्या आहेत ज्या डॉक्टरांनी सांगूनही दाखल झाल्या नाहीत, कारण पोरं कुणाकडे ठेवायची. शेजारणी चांगल्या असतात, दोन दिवस सांभाळतात, पण त्यांचंही हातावर पोट. पंधरा दिवस त्यांनी काम बुडवून कसं काढायचं? अशा वेळी मूल संस्थेत पाठवण्यापेक्षा त्या ओळखीच्या शेजारणीला किंवा गावाहून आलेल्या मावशीला रोजाचे पैसे द्या. मूल त्याच गल्लीत राहील, त्याच शाळेत जाईल, संध्याकाळी आईला बघायला दवाखान्यात येईल. महापालिकेच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक बाईला ‘घरी मुलं कुणाजवळ आहेत?’ हा प्रश्न केसपेपरवरच विचारला गेला पाहिजे. त्याला खर्च काहीच नाही.

हे सगळं आपल्याकडे होणं शक्य नाही, असं मला कुणी सांगू नये. मी कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांना मंडळ मिळालं, लेव्हीतून भविष्यनिधी, औषधपाण्याची सोय, अपघाताची भरपाई मिळाली. आमच्या चाळीत पाठीवर गोणी पडून माणूस घरी बसला तर घरावर संकट आलं, पण पोरं कुणी उचलून नेली नाहीत, कारण महिन्याला काहीतरी घरात येत राहिलं. त्याच मार्केटमध्ये मिरचीची देठं खुडणाऱ्या, कांदा निवडणाऱ्या किती बायकांना कुठलं मंडळ आहे? तिखटाने हाताची आग होते म्हणून रात्री पोराला कुशीत घेता येत नाही असं सांगणारी बाई मला भेटली आहे. हमालाचं घर आणि तिचं घर यांत माया कमी-जास्त नाही. एकाच्या मागे आधार उभा आहे, दुसरीच्या मागे कुणी नाही.

आणि ठाण्याचंच उदाहरण घ्या. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. दुष्काळी भागातून आलेल्या, पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांची ती मुलं. त्यांना उचलून संस्थेत टाकणं कुणालाही सोपं होतं. त्याऐवजी शाळाच पुलाखाली आली, कंटेनरमध्ये वर्ग भरले, आणि मुलं रात्री आईबापांजवळच राहिली. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांच्या आयांना तिथे लहानपणापासूनच हात दिला जातो, घरी काय करायचं ते शिकवलं जातं, आणि बाहेरगावचे लोक ते बघायला येतात. जी महापालिका हे उभं करू शकते तिला आठ खोल्या आणि आठ समाजसेविका जड नाहीत.

शासनालाही हे जमलेलं आहे. २०२१ साली कोविडमध्ये नवरा गेलेल्या बायकांसाठी राज्याने मिशन वात्सल्य सुरू केलं (केंद्राच्या योजनेचं नावही तेच, पण हे वेगळं), तेव्हा तालुक्यातालुक्यांत समित्या झाल्या आणि रेशनपासून बाल संगोपनपर्यंतच्या योजना या बायकांपर्यंत नेण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं गेलं. तेव्हा बायका घाबरल्या नाहीत, कारण आलेलं माणूस मूल न्यायला नाही, द्यायला आलं आहे हे त्यांना कळत होतं. साथ सरल्यावर ती पद्धत का सरावी?

बाहेरच्या देशांत हा विचार आता खर्चाच्या बाजूनेही होतो आहे. अमेरिकेत २०१८ साली एक कायदा झाला. त्याआधी, घरातून काढून दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेल्या मुलांसाठीचा तिथला केंद्रीय निधी मुख्यत्वे मूल घरातून काढल्यावरच वापरता यायचा. या कायद्याने त्याच निधीतून मूल घरात असतानाच मानसिक उपचार, व्यसनमुक्ती आणि घरी येऊन पालकांना शिकवणं यावर खर्च करायची मुभा दिली. आपल्या संस्थांचाही खर्च बघा: इमारत, अधीक्षक, काळजीवाहक, स्वयंपाकी, पहारेकरी. त्यातली एखादी जागा वस्तीत दिली तर किती मुलांना संस्थेची गरजच पडणार नाही, हा हिशेब जिल्हा बाल संरक्षण कक्षाने मांडावा.

१०९८ बद्दलही एक सांगायचं आहे. ही हेल्पलाईन २०२३ पासून शासन स्वतः चालवतं. ‘मी थकले आहे, मला मूल सांभाळायला मदत हवी’ असा फोन आईने स्वतः केला, तर तो तक्रार म्हणून नोंदला जाऊ नये. तो त्या विभाग कार्यालयातल्या समाजसेविकेकडे जावा आणि तिने दोन दिवसांत घरी जावं. वस्त्यांत या नंबरचे फलक लावता, त्यावर हेही लिहा.

जिल्हाधिकारी महोदय, बाल न्याय अधिनियमाच्या २०२१ च्या दुरुस्तीने बाल संरक्षणाच्या सगळ्या यंत्रणांवर देखरेख करायची जबाबदारी आपल्यावर आली. बाल कल्याण समितीकडून दर तिमाहीला एक माहिती घ्यावी: या काळात संस्थेत आलेल्या किती मुलांच्या बाबतीत कारण फक्त गरिबी, आजारपण किंवा सांभाळणारं कुणी नसणं हे होतं. तो आकडा आयुक्तांनाही द्या, विभागवार द्या. प्रभाग बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत, त्यांच्या बैठकीत तोच आकडा पहिला विषय असू द्या.

आयुक्त महोदय, सुरुवात तुर्भ्यातून आणि दिघ्यातून करा. दोनच विभाग, एक वर्ष. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत समाजसेविका रुजू झाली तर पहिल्या महिन्यातच तिला कळेल की कुठली थोरली मुलगी धाकट्यासाठी घरी बसली आहे.

आणि हे ठरवण्याआधी एकदा तुम्ही दोघांनी मिळून तिथल्या बायकांना भेटावं. मुख्यालयात बोलावू नका. मंत्रालय, मुख्यालय, कलेक्टर ऑफिस म्हटलं की त्या येणार नाहीत, आणि आल्या तर बोलणार नाहीत. तुर्भ्यातल्या एखाद्या अंगणवाडीत या. बैठक दुपारी दोननंतर ठेवा, तोवर मार्केटच्या बायका घरी परतलेल्या असतात. घरकाम करणाऱ्यांसाठी रविवार बरा. घराघरांत निरोप मी स्वतः देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका
कोपरखैरणे, नवी मुंबई